स्लॅब वाळला का?

घोडबंदर रोडवरचे खड्डे मोजायचं मी केव्हाच सोडून दिलं. पण आता माझ्या गाडीत, आतून, छतालाही एक खड्डा आहे. ड्रायव्हरच्या सीटवर बसून जरा मान वर केली की थेट समोर. अंगठ्याएवढा. अंगठ्याएवढा म्हणजे अंगठ्याचाच. कुणाचा, तेही मला ठाऊक आहे. ते गृहस्थ रोज सकाळी लिफ्टमध्ये भेटतात आणि मी त्यांना नमस्कारही करतो.

गाडी अकरा वर्षांची हॅचबॅक. मे महिन्यात मागच्या काचेपाशी छताचं कापड सुटलं, पावसाळ्यात त्याचा फुगा झाला आणि गणपतीपर्यंत त्याचं मखर झालं. आरशात मागची गाडी दिसेना, झालर दिसायची. सीट कव्हरवाल्याने साडेतीन हजार सांगितले आणि गाडी दोन दिवस ठेवून घ्यायची म्हणाला. मी म्हटलं, घरीच करू.

अशा वेळी भेटेल तो माणूस 'डिंक सुटला' म्हणून सांगतो. डिंक बिचारा जागेवर असतो. पत्र्याखाली छताच्या आकाराचा एक कडक पुठ्ठा असतो, पण कापड थेट त्या पुठ्ठ्याला चिकटवलेलं नसतंच. मध्ये दोन-तीन मिलिमीटरचा फोम असतो, कापडाच्या पाठीलाच जोडलेला. उन्हात बंद गाडीतली हवा ६० अंशांच्या आसपास जाते, पत्रा त्याहून तापतो, वर ठाण्याची दमट हवा. काही वर्षांत फोमचा भुगा होतो. डिंक पुठ्ठ्याला धरून बसलेला, कापडही शाबूत, आणि मधला मेलेला. म्हणून सुईने डिंक आत सोडणं, इस्त्री फिरवणं, दुहेरी टेप लावणं हे सगळे प्रकार आठवडाभर टिकतात. भुग्याला काय चिकटणार? डिंक तेवढा कापडातून बाहेर येतो आणि डाग पाडतो. टाचण्या मारल्या तर गाडीला बिछान्यासारखी टिपं पडतात, आणि छताच्या कडेतून पडद्यासारख्या खाली उघडणाऱ्या एअरबॅग असतील तर त्यांच्या वाटेत टाचण्या हा मूर्खपणा आहे.

इलाज एकच. अख्खं रूफ लायनिंग, म्हणजे पुठ्ठा कापडासकट, बाहेर काढायचं.

काढणं अवघड नाही, चिवट आहे. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून निदान दहा मिनिटं थांबायचं, पिलरमध्ये, म्हणजे काचांमधल्या खांबांत, एअरबॅग असतील तर हे टाळायचंच नाही. मग दोन्ही सन व्हायझर, हँडल (त्यांचे स्क्रू छोट्या झाकणांखाली लपलेले असतात), केबिन लाइट. दरवाज्यांची रबरं वरच्या बाजूने ओढून सोडायची. पिलरची प्लॅस्टिकं क्लिपांवर असतात. ती स्क्रूड्रायव्हरने नाही, प्लॅस्टिकच्या पट्टीने उचकटायची. तरी दोन-चार क्लिपा तुटतातच, म्हणून आधीच डझनभर आणून ठेवाव्यात. या क्लिपा बनवणाऱ्याने त्या एकदाच लावायच्या, पुन्हा उघडायच्याच नाहीत असं ठरवलेलं असावं. काडीएवढ्या प्लॅस्टिकसाठी माणूस अर्धा दिवस दुकानं पालथी घालतो, आणि दुकानदार विचारतो, 'गाडीचं मॉडेल कुठल्या सालचं? मग नाही मिळणार.'

शेवटी पुढच्या सीटा पूर्ण आडव्या करून पुठ्ठा डिकीतून बाहेर. दोन माणसं हवीत. हा पुठ्ठा भाजलेल्या पापडासारखा असतो. मधे वाकला की चीर पडते आणि ती चीर नव्या कापडातूनही दिसते. एक टोक मी धरलं, दुसरं वॉचमनने. तिसरे, थोड्या वेळाने उपस्थित झाले ते काका.

काका म्हणजे चौथ्या मजल्यावरचे. निवृत्त ओव्हरसियर. उभी हयात इमारतींवर देखरेख करण्यात गेलेली, त्यामुळे जगात जे जे वर असतं ते त्यांच्या लेखी स्लॅब. सकाळी नऊला ते स्कूटरची पूजा करायला खाली आले होते, हातात पेटलेली उदबत्ती. मी स्टिल्टच्या, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगच्या, कडेला दोन स्टुलांवर पुठ्ठा उलटा मांडून नायलॉनच्या ब्रशने भुगा झाडत होतो. तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, आणि डोक्यापासून पायापर्यंत तो पिवळट-नारिंगी भुगा. जेजुरीहून थेट आल्यासारखा.

"येळकोट येळकोट!" काका म्हणाले. मग पुठ्ठ्याकडे पाहून गंभीर झाले. "स्लॅब उतरवलात?"

"छत काढलंय, काका."

"किती वर्षांचा?"

"अकरा."

"अकरा वर्षांत उतरवायची पाळी? मटेरियल काय होतं?"

"फोम."

"म्हणजे सिमेंट खाल्लं." त्यांनी मान हलवली. "कॉन्ट्रॅक्टर कोण?"

मी ब्रश मारत राहिलो. भुगा पूर्ण निघाला पाहिजे, तळहात फिरवला तर पिवळा होता कामा नये. इथे घाई केली की नवं कापड जुन्या भुग्यावर बसतं आणि वर्षभरात पुन्हा मांडव. मग ओलसर फडक्याने पुसून पुठ्ठा खडखडीत वाळू द्यायचा. मी कापड चिकटवायच्या सोल्युशनचा डबा उघडला तसे काका वाकून वास घ्यायला आले. उदबत्तीसकट.

"काका, ती उदबत्ती लांब! हे पेट घेतं!"

"उदबत्तीनं? अहो, देवाची आहे."

वॉचमनने ती काढून घेतली आणि तुळशीत खोचली. काकांना ते आवडलं नाही, पण ते गेलेही नाहीत.

"आमच्या फियाटचं छत कधी हललं नाही," ते म्हणाले. यात ते खोटं बोलत नव्हते. त्या काळी कापड किंवा रेक्झिन तारांच्या कमानींवर ताणून बसवायचे, वरून लोंबतं ठेवायचे. फोम नाही, तर भुगा कसला? हे मी त्यांना समजावून सांगितलं, ही माझी चूक झाली. "म्हणजे बीम होते," काका म्हणाले. "तुम्ही बिनबीमचा घेतलात."

कापड फोम लावलेलंच घ्यायचं, तीन मिलिमीटरचं. नुसतं कापड लावलं तर पुठ्ठ्याची प्रत्येक खरबड दिसते, आणि फोम जाड घेतला तर पिलरची प्लॅस्टिकं पुन्हा बसत नाहीत. हॅचबॅकला दीड मीटर पन्ह्याचं दोन मीटर बेताचं होतं. मी सव्वादोन आणलं. सोल्युशन उष्णता सोसणारं हवं. सुतारकामाचा पांढरा डिंक इथे कामाचा नाही. पाण्याने फोम भिजतो आणि पकड येत नाही. पुठ्ठ्यालाही लावायचं, फोमलाही, दोन्हीकडे पातळ हात. जाड थर फोममधून झिरपून वर येतो. आणि पावसाळ्यात हे काम काढू नये. सोल्युशन उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली वाफ बसते, पांढरट साय धरते आणि पकड गेली. म्हणूनच मी दिवाळी उलटेपर्यंत मखरात बसून गाडी चालवली.

थर लावून पाच-दहा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटतं पण तार येत नाही इतपत. मग कापड अर्धं दुमडून मधोमध ठेवायचं आणि मधून कडेकडे, उघड्या तळहाताने, हलक्या हाताने. खोलगट जागा आधी भरायच्या. कापड आधी ताणून बसवलं की तिथे ते पूल बांधतं आणि उन्हात सुटतं. कडेला पाच सेंटिमीटर जास्त सोडून मागे दुमडायचं. दिव्याची, व्हायझरची भोकं लगेच कापायची नाहीत. सगळं वाळल्यावर आतून फुलीसारखी चीर द्यायची.

"पाणी कधी मारणार?" काका.

"पाणी नाही मारायचं."

"क्युरिंगशिवाय? तडे जाणार. मी आत्ताच सांगून ठेवतो."

"रात्रभर असंच ठेवायचं, काका. कुणी हात लावायचा नाही."

हे शेवटचं वाक्य मी दोनदा म्हटलं. वॉचमन साक्षीला आहे. मी हात धुवायला वर गेलो, पाच मिनिटं, फार तर सात. परत आलो तेव्हा काका स्टुलाशी उभे होते आणि अंगठा वर धरून निरखत होते.

"अजून ओला आहे," ते म्हणाले. "प्लास्टर असो नाहीतर काही असो, वाळलं की नाही हे अंगठ्यानंच कळतं."

ओल्या सोल्युशनवर फोम दाबला की तो चपटा होऊन पुठ्ठ्याला चिकटतो, आणि तसाच राहतो. ओढला तर कापड फाटतं. मी किटलीची वाफ दिली, सुईने कापड उचलून पाहिलं. थोडा वर आला, दुपारच्या उन्हात परत बसला. तो काढायचा तर अख्खं कापड नवीन.

बरं, माणूस हे काम करणार कुठे? फ्लॅटमध्ये हा पुठ्ठा दारातून आत येत नाही, गच्चीला कुलूप, गॅरेजवाला स्वतःच्या जागेत दुसऱ्याला हात घालू देत नाही. उरतं पार्किंग. तिथे मालकीचे पट्टे आखलेत, पण तुमच्या पट्ट्यात चाललेल्या कामावर पंचेचाळीस फ्लॅटांचा हक्क असतो. संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला: 'पार्किंगमध्ये भंगार ठेवू नये.' फोटोत माझं छत. खाली अंगठे वर केलेले अकरा. त्यातला एक काकांचा.

परवा पाऊस नसताना काकांची स्कूटर बंद पडली आणि मी त्यांना तीन हात नाक्यापर्यंत सोडलं. सिग्नलला थांबलो. त्यांनी मान वर केली, छत नीट पाहिलं, कडा पाहिल्या, पिलरपाशी बोट फिरवलं. मग नजर माझ्या डोक्यावर येऊन थांबली.

"काम चांगलं झालंय," ते म्हणाले. "फक्त फिनिशिंगला मार खाल्लात. तिथे जराशी पुट्टी भरून घ्या."