‘घरात मराठी बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘रोज ५० शब्द पाठ करा, घरात मातृभाषा बंद करा, ३० दिवसांत १५०० शब्द आणि फाडफाड इंग्रजी, व्याकरण लागत नाही.’ शब्दांच्या यादीसकट हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि ताईने तो मनावर घेतला. भाची बारावीत आहे. तिला आता आजीशीही मराठीत बोलायला बंदी. म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात घातक मुद्दा मातृभाषेचाच आहे. सोलापुरात राहून यावर विश्वास बसतोच कसा? पूर्व भागात जाऊन बघा. घरी तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, शेजारी कन्नड, अशी वाढलेली पोरं गल्लोगल्ली आहेत. मराठी यावी म्हणून कुणी तेलुगू सोडली नाही. शब्दसंग्रहावर अख्खी कारकीर्द घालवलेले न्यूझीलंडचे अभ्यासक पॉल नेशन तर नव्या शब्दाचा अर्थ मातृभाषेतून देण्याच्या बाजूचे आहेत. ‘रिलक्टंट’ इंग्रजीतून समजवायला चार वाक्यं खर्ची पडतात. ‘मनातून तयार नसलेला’ म्हटलं की पोरीला कळतं आणि उरलेला वेळ तो शब्द वाक्यात वापरायला मिळतो. बंदी घालून ती इंग्रजी बोलणार नाही, गप्प बसेल.

१५०० शब्दांचं म्हणाल तर नेशन यांच्याच २००६च्या अभ्यासात कादंबरी किंवा वर्तमानपत्र मदतीशिवाय वाचायला ८,००० ते ९,००० शब्दकुळं लागतात असं आहे. ‘डेव्हलप’, ‘डेव्हलपर’, ‘डेव्हलपमेंट’ मिळून एक कुळ. महिन्याभराचं गणित इथेच कोसळतं.

यादी अगदीच वाया जात नाही, एवढं मान्य करावं लागेल. मधल्या पातळीचे ‘अचीव्ह’, ‘रिक्वायर’, ‘अव्हॉइड’ असे थोडे शब्द चिठ्ठीवर लिहिले, मागे अर्थ लिहिला आणि काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पाहिले तर ते लक्षात राहतात. पण हा मेसेज ‘बॉरो’ आणि ‘लेंड’, ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ एकाच दिवशी शेजारी शेजारी देतो. जवळचे शब्द एकदम शिकले की एकमेकांत मिसळतात. वर ‘सेन्सिबल’चा अर्थ ‘संवेदनशील’ दिलाय. तो ‘सेन्सिटिव्ह’चा अर्थ. ‘सेन्सिबल’ म्हणजे समजूतदार. हे पोरीने परीक्षेत लिहिलं तर मार्क कोण देणार?

‘व्याकरण लागत नाही’ यावर जास्त बोलत नाही. शब्द सुटा लिहू नका. ‘डिपेंड ऑन’, ‘इंटरेस्टेड इन’ असा जोडीने लिहा, खाली स्वतःचं एक वाक्य लिहा.