द्रौपदीचा प्रश्न आणि श्टुटगार्टचं हळदीकुंकू

डिसेंबरात कोल्हापूरला गेले होते. रंकाळ्यावर भेळ खाताखाता भाऊ आणि त्याची कॉलेजात शिकणारी लेक यांची जुंपली. भाऊ म्हणत होता, रामायण-महाभारतात बाईला जेवढा मान आहे तेवढा जगात कुठं नाही. पुतणी म्हणाली, "व्हय तर, म्हणूनच डावावर लावली." मग दोघांनी माझ्याकडं पाहिलं. बारा वर्षं जर्मनीत काढलेल्या बाईनं निकाल द्यायचा असतो, असा आमच्या घरी समज आहे.

मला दोघांचंही अर्धंच पटतं. वस्त्रहरणाच्या आधी द्रौपदी काय करते, हे आपण घाईत उरकतो. तिला सभेत न्यायला दुर्योधनाचा निरोप्या, प्रातिकामी, येतो, तर ती त्यालाच माघारी धाडते: जा, विचारून ये, आधी स्वतःला हरलात की मला? जो स्वतःचाच मालक उरला नाही, तो दुसऱ्याला पणाला लावणार कुठल्या हक्कानं? हा रडका सूर नव्हे, सरळ वकिली मुद्दा आहे. भीष्म म्हणतात, धर्माची गती सूक्ष्म असते. म्हणजे उत्तर नाही. कौरवांतला एकटा विकर्ण तिच्या बाजूनं बोलतो, त्याला कर्ण गप्प बसवतो. पुढं अपशकुनांनी धास्तावलेला धृतराष्ट्र वर देतो, तेव्हा ती दोनच मागते: आधी युधिष्ठिराची सुटका, मग उरलेल्या चौघांची, शस्त्रांसकट. तिसरा नको म्हणते. याला आपण त्याग म्हणतो. मला त्यात पक्का हिशेब दिसतो. शस्त्रं हातात आली, आता बाकीचं त्यांचं ते मिळवतील.

महाभारतातली शकुंतलाही याच जातीची. अंगठी आणि दुर्वासांचा शाप कालिदासाच्या नाटकातले. मुळात तसलं काही नाही. दुष्यंताला सगळं आठवत असतं, तरी तो नाकारतो. ही भर दरबारात त्याचा खोटेपणा काढते आणि वर सुनावते, तुझ्यावाचूनही माझा मुलगा पृथ्वीवर राज्य करील.

पण आमचा भाऊ मान देतो तो यांच्या सोसण्याला. 'सोशीक आहे हो' याच्यापुढं बाईचं कौतुक जात नाही आपल्याकडं. पुतणीला सोसायला लावलेलं तेवढं दिसतं. त्यांनी विचारलेला प्रश्न दोघंही गाळतात.

जर्मनीचा दाखला द्यावा म्हटलं तर तिथली बरोबरीही फार जुनी नाही. पश्चिम जर्मनीत १९७७ पर्यंत बायकोनं नोकरी करायची ती घरसंसाराच्या कर्तव्याला बाध येत नसेल तरच, असं कायद्यातच लिहिलेलं होतं. आणि आम्ही इथं आलेले? आमचं तर विचारूच नका.

बाबा गेल्यावर आई हिवाळाभर माझ्याकडं राहायला आली होती. जानेवारी २०२३. आम्हा मराठी बायकांचं हळदीकुंकू होतं, एक हॉल भाड्यानं घेऊन. जमलेल्यांत इंजिनिअर, डॉक्टर, एक तर विद्यापीठात शिकवणारी. दारातच कुणीतरी गोड आवाजात म्हणालं, "काकू, तुम्ही आत बसा हं, इथं गार लागेल." हॉलमध्ये हीटर रणरणत होता. आई आतल्या स्वयंपाकघरात जाऊन बसली आणि मीही तेव्हा गप्प राहिले, विकर्णाएवढंसुद्धा बोलले नाही.

त्याआधी आठच महिन्यांपूर्वी, मे २०२२ मध्ये, आमच्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला होता: नवरा वारला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आईनं ते पेपरात वाचलं होतं आणि हातातल्या हिरव्या बांगड्या काढल्या नव्हत्या.

परतताना ट्राममध्ये ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "तुमच्यात ग्रामसभा नसती व्हय गं?"