‘साडेतीन अंश चालतील’ असं नॉर्डहाउस म्हणाले होते का?

‘नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनीच सिद्ध केलंय की पृथ्वीचं तापमान साडेतीन अंशांनी वाढू देणं सगळ्यात फायद्याचं आहे. मग कार्बन कर, म्हणजे कोळसा-तेल जाळून सोडलेल्या कार्बनवरचा कर, कशाला?’ असा दावा अधूनमधून फिरत असतो. त्यातला आकडा खरा आहे, म्हणून भलेभले फसतात.

‘साडेतीन अंश फायद्याचे.’ नॉर्डहाउस यांच्या ‘डाइस’ या प्रतिमानाच्या, म्हणजे हवामान आणि अर्थव्यवस्था यांची सांगड घालणाऱ्या संगणकी गणिताच्या, २०१६ च्या आवृत्तीत हा आकडा आहे. पण काहीच केलं नाही तर २१०० पर्यंत वाढ चार अंशांच्या वर जाते, हेही त्याच प्रतिमानात आहे. २१०० मध्ये ती साडेतीनवर ठेवायची तर जगभर, वर्षागणिक चढत जाणारा कार्बन कर लागतो. म्हणजे ज्या कराला थोतांड ठरवायचं, त्याच्याच जोरावर हा आकडा उभा आहे!

‘सिद्ध केलंय.’ प्रतिमानातून निघतं ते गृहीतकांचं उत्तर. गृहीतकं बदला, उत्तर बदलतं. यातलं सगळ्यात वजनदार गृहीतक म्हणजे उद्याच्या नुकसानाला आज किती किंमत द्यायची, त्याचा दर. शंभर वर्षांनी होणारं १०० रुपयांचं नुकसान नॉर्डहाउस यांच्या साधारण सव्वाचार टक्के दराने मोजलं, तर आजच्या हिशेबात ते जेमतेम दीड रुपया भरतं. अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांनी हवामानबदलावरच्या २००६ च्या ब्रिटिश अहवालात वापरलेला १.४ टक्के दर लावा, तेच नुकसान २५ रुपयांच्या घरात जातं. नॉर्डहाउस दर ठरवताना बाजारातल्या परताव्याकडे बघतात, तर नातवंडांचं आयुष्य आपल्यापेक्षा स्वस्त धरता येत नाही, हा स्टर्न यांचा आग्रह. वाद नीतीचा आहे. तो संगणकाने मिटत नाही.

दुसरं गृहीतक नुकसानाच्या सूत्राचं. तापवाढीचा वर्ग करायचा आणि ०.२३६ ने गुणायचं, की जागतिक उत्पन्नातली टक्केवारीतली घट मिळते. तीन अंशांना २.१ टक्के, सहा अंशांना साडेआठ. गेल्या हिमयुगात पृथ्वी आजच्यापेक्षा पाच-सहा अंशांनीच थंड होती आणि कॅनडावर किलोमीटरभराहून जाड बर्फ होता. तेवढीच उलटी उडी मारून जगाचं फक्त साडेआठ टक्के नुकसान होईल, हे मला तरी पटत नाही.

१९९१ च्या एका लेखात तर त्यांनी अमेरिकेच्या सुमारे ८७ टक्के उत्पन्नावर हवामानबदलाचा नगण्य परिणाम होईल असं धरलं होतं. का, तर ते व्यवहार छपराखाली चालतात. आपल्याकडे २०२२ च्या मार्चमधल्या उन्हाने गव्हाचे दाणे बारीक राहिले आणि १३ मे रोजी केंद्राने निर्यातच बंद केली. राष्ट्रीय उत्पन्नातला शेतीचा वाटा लहान म्हणून भाकरीचं महत्त्व कमी होत नाही.

‘नोबेल मिळालं म्हणजे शेवटचा शब्द.’ तो शब्द खुद्द नॉर्डहाउस यांनीच बदलला. लिंट बॅराज यांच्यासोबत केलेल्या २०२३ च्या आवृत्तीत इष्टतम, म्हणजे सगळ्यात फायद्याची, वाढ २.७ अंशांच्या खाली आली. कार्बनच्या एका टनाने समाजाचं होणारं नुकसानही आधीच्यापेक्षा बरंच वाढलं. आणखी एक गंमत: दोन अंशांची मर्यादा असावी, हा विचार मांडणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत १९७० च्या दशकातले नॉर्डहाउसच होते.

‘भारताला कराशी देणंघेणं नाही.’ २०१० पासून आपण कोळशावर उपकर घेत होतो. टनाला ५० रुपयांपासून २०१६ पर्यंत तो ४०० वर गेला. शिवाय कार्बनला किंमत न लावणाऱ्या देशांच्या मालावर जकात बसवावी, ही ‘क्लायमेट क्लब’ची कल्पना २०१५ मध्ये नॉर्डहाउस यांनीच मांडली. युरोपीय संघाची सीमेवरची कार्बन आकारणी त्याच जातकुळीतली आहे, आणि पोलाद, ॲल्युमिनिअम, सिमेंट त्यात येतं. ती अन्यायाची आहे, हा भारताचा आक्षेप रास्त आहे. आधी धूर कोणी सोडला, हे जगाला ठाऊक आहे. पण माल जिथे बनला तिथे कार्बनची किंमत भरली असेल, तर ती वजा करण्याची तरतूदही त्यात आहे. ती किंमत आपण इथे घेतली नाही, तर आपल्या पोलादावरची रक्कम युरोपच्या तिजोरीत जाईल.