सुपरहिरोपट बघताना गुणांपासून सावध

सुपरहिरोचा सिनेमा बघून बाहेर पडलात की कुणीतरी ‘कसा होता?’ असं विचारणारच. याला ‘बरा होता’ असं उत्तर देणारा माणूस आयुष्यातून उठतो. तेव्हा गुण कोणते आणि दोष कोणते, हे आत शिरण्याआधीच ठरवून ठेवा. आत गेल्यावर आवाजच इतका असतो की मत बनवायला सवड मिळत नाही.

लांबी हा गुण समजा. ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ (२०१९) तीन तास एक मिनिटाचा आहे आणि मार्व्हल कंपनीच्या सिनेमालिकेतला बाविसावा. कुणी म्हणालं, ‘मला काही कळलं नाही,’ तर तो सिनेमाचा दोष नव्हे. आधीच्या एकवीस सिनेमांचा अभ्यास न करता परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्याचा आहे. कथा स्वतःच्या पायांवर उभी राहिली पाहिजे, असा हट्ट धरणारे काही जुने लोक अजून आहेत. त्यांना सांगा, आमचा नायक उडतो, पायांचं काय घेऊन बसलात?

उडण्यावरून आठवलं. शरीराला वजन असतं ही समजूत घरी ठेवून जा, कारण सगळा त्रास तिच्यामुळेच होतो. १९३८ साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला, तेव्हा त्या बिचाऱ्याला उडता येत नव्हतं. तो उड्या मारायचा, मैलाचा आठवा हिस्सा, म्हणजे साधारण २०० मीटर. उडी म्हटली की जमीन आली, गुडघे आले, आपण पडणार कुठे ही काळजी आली. पुढे त्याला उडता येऊ लागलं आणि ही सगळी कटकट मिटली.

आता समजा, नायिका १०० मीटर उंचीवरून पडली. (समजावं लागणार नाही, ती पडतेच.) हवेचा अडथळा सोडून दिला तर साडेचार सेकंदांत तिचा वेग ताशी १६० किलोमीटर होतो. खाली नायक हात पसरून तयार. तो तिला अर्ध्या मीटरच्या आत अलगद थांबवतो. शंभर मीटरमध्ये कमावलेला वेग अर्ध्या मीटरमध्ये गमवायचा, म्हणजे झटका गुरुत्वाकर्षणाच्या २०० पट. पोलादी बाहू आणि रस्ता यांत फरक एवढाच, की रस्ता हसून ‘घाबरू नकोस, मी आहे’ असं म्हणत नाही.

हा हिशेब एकदा कॉमिक्सवाल्यांनी मनावर घेतला होता. १९७३ सालच्या ‘द अमेझिंग स्पायडरमॅन’च्या १२१व्या अंकात नायकाची प्रेयसी ग्वेन स्टेसी पुलावरून पडते, नायकाचं जाळं तिला मधेच पकडतं आणि तरीही ती वाचत नाही. वाचक इतके हादरले की पन्नास वर्षं झाली तरी त्या अंकाबद्दल बोलणं थांबलेलं नाही. भौतिकशास्त्राला आत घेतलं की असा मनस्ताप होतो.

ट्रकांचंही तेच. ‘द डार्क नाइट’ (२००८) करताना खराखुरा अठराचाकी ट्रक शिकागोच्या खऱ्याखुऱ्या रस्त्यावर उलटवला. केवढा आटापिटा! आणि मिळालं काय? ट्रक नाकावर उभा राहतो, कोसळायच्या आधी जरासा रेंगाळतो, आणि तेवढा वेळ प्रेक्षागृहात कुणाला श्वास घ्यायचं सुचत नाही. जड वस्तू हलायला वेळ घेते आणि थांबायलाही, हे अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्याला सुरुवातीलाच सांगतात. पण म्हणून ते प्रेक्षकाला इतकं जाणवून द्यायचं? संगणकातले चाळीस ट्रक एकदम आकाशात उधळले असते तर कुणाच्या काळजाला धक्का लागला नसता. मंडळींना आलेले मेसेजही निवांत वाचता आले असते.

शेवटची लढाई रात्रीच का, पावसातच का, धुळीच्या लोटातच का, असले प्रश्न विचारू नका. संगणकी चित्राचे टाके काळोखात झाकले जातात, असं एखादा जाणकार सांगेल. तुम्ही ‘वातावरणनिर्मिती’ हा शब्द वापरा. भर उजेडात काय होतं ते ‘जस्टिस लीग’मध्ये (२०१७) दिसलं. सुपरमॅन झालेल्या नटाने दुसऱ्या सिनेमासाठी मिशा राखल्या होत्या आणि त्या काढायची परवानगी नव्हती. मग नव्याने केलेल्या चित्रीकरणात त्या संगणकावर पुसल्या. मिशी वाचली, ओठ गेला.

मरणाकडे जरा मोकळ्या मनाने बघायला शिका. १९७८च्या ‘सुपरमॅन’मध्ये नायकाची लाडकी पत्रकार लॉइस लेन मरते, तेव्हा नायक पृथ्वीभोवती गरागरा फिरतो, काळ मागे जातो आणि ती जिवंत होते. इतका सोपा इलाज ठाऊक झाल्यावरही पडद्यावर कुणी गेलं म्हणून रडायचं, हे काही समजूतदारपणाचं लक्षण नाही. रडावंसं वाटलंच तर नटाचा करार संपलाय का, ते आधी बघा. इमारतींबद्दलही हळवं होण्याचं कारण नाही. भर दुपारी, कामाच्या दिवशी चाळीस मजले कोसळले तरी आत कुणीही नसतं. सगळी माणसं आधीच रस्त्यावर येऊन वर बघत उभी असतात.

खलनायकाचं म्हणणं मधेच पटू लागलं तर घाबरू नका. पटकथाकाराच्याही ते लक्षात आलेलं असतं. पाच मिनिटांत तो त्याच्या हातून एखादा निरपराध जीव मारवून घेतो आणि बिचाऱ्याचं सगळं तत्त्वज्ञान आपोआप चूक ठरतं. वाद घालून खोडायला वेळ कुठे असतो? तीन तास आणि वर एक मिनिट, एवढ्यातच बसवायचंय सगळं.

इथवर सोपं होतं. खरा धोका पुढे आहे. कारण या सिनेमांत अधूनमधून खरोखरचे गुण निघतात आणि बेसावध माणूस त्यांत सापडतो.

त्याच १९७८च्या सिनेमातला एक प्रसंग सांगतो, म्हणजे तो आला की बुटाची नाडी बांधायला वाकता येईल. लॉइसच्या घरात क्लार्क केंट, म्हणजे चष्मा लावून साधा बातमीदार झालेला सुपरमॅन, उभा आहे, ती आतल्या खोलीत आवरते आहे. आज हिला खरं सांगून टाकायचं, असं त्याच्या मनात येतं. तो चष्मा काढतो. पाठीचा बाक जातो, खांदे मागे होतात, माणूस चांगला वीतभर उंच दिसू लागतो आणि हाक मारतो तो आवाजही निराळा. मग धीर सुटतो. खांदे पडतात, चष्मा नाकावर चढतो, पुन्हा तोच गबाळा कारकुनी पोक. तार नाही, स्फोट नाही, नुसता एक नट, क्रिस्टोफर रीव्ह. नुसत्या चष्म्यामुळे याला कुणी ओळखत कसं नाही, ही थट्टा आपण जन्मभर करत आलेलो असतो. या माणसाने अर्ध्या मिनिटात तिची मजाच घालवली. सगळ्या जगाला उचलू शकणाऱ्या त्या गड्याला एक वाक्य उचलत नाही, हे एकदा बघितलं की पुढची सगळी उड्डाणं बघताना ते मधे मधे येतं. मला विचाराल तर असल्या जागा कापून तिथे एक विनोद टाकावा. हल्ली बहुतेक ठिकाणी टाकतात म्हणा. कुणाचा गळा दाटून आला रे आला की शेजारचा कुणीतरी कोटी करतो आणि सगळे सुटतात.

सिनेमा संपला तरी उठू नका. चित्रांवर रात्री जागवलेल्या शेकडो माणसांची नावं पडद्यावरून वर जातील. तेवढ्यात मोबाइल बघून घ्या. मग अर्ध्या मिनिटाचा एक तुकडा येईल. त्यात सावलीतून एक अनोळखी इसम पुढे येईल आणि एक अनोळखी नाव उच्चारेल. जोरात टाळ्या वाजवा. शेजारच्याने ‘हा कोण?’ म्हणून विचारलं तर उत्तर देऊ नका, नुसते कीव आल्यासारखं हसा. तेविसावा येईपर्यंत तुम्हालाही माहीत नव्हतं, हे कुणाला कळणार नाही.