तीन झाडांचा संसार

मला नाशपातीचं एकच झाड लावायचं होतं, तेही जुन्या जातीचं. पण नाशपातीला एकटेपणा मानवत नाही. बहुतेक जातींना स्वतःचा पराग चालत नाही. त्याच सुमारास फुलणारी दुसरी जात शेजारी लागते. आणि माझा जीव जडला नेमका कॅटिलॅकवर! फ्रान्समधली सतराव्या शतकातली जात, फळ बघावं तर मुठीत मावत नाही. हिच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच, त्यामुळे हिचा पराग कुणाच्याच कामाचा नाही. म्हणजे हिला एक शेजारीण हवी, आणि त्या शेजारणीला फळं धरायची तर आणखी एक. मी अंगणात टेप घेऊन फिरू लागलो तशी बायको म्हणाली, "आपण कुठे राहायचं, तेही आत्ताच मोजून ठेवा."

कलमं विकणाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, "सोपं आहे साहेब, एक विल्यम्स न्या, एक बार्टलेट न्या." जोडी कसली, दोन्ही एकच! इंग्लंडमधली विल्यम्स अमेरिकेत गेली. तिथं ती झाडं एनॉक बार्टलेटच्या हाती लागली. त्याला जातीचं नाव ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं बिनदिक्कत स्वतःचं लावलं. १८२८ च्या सुमारास युरोपातून नवी झाडं आली तेव्हा उलगडा झाला. कलमवाल्यापर्यंत तो अजून पोचायचाय.

बरं, झाड आटोपशीर राहावं म्हणून बिहीच्या, म्हणजे क्विन्स या नाशपातीच्या भावकीतल्या फळझाडाच्या खुंटावर कलम बांधतात, तर विल्यम्सचं बिहीशी पटत नाही. मध्ये दोघांशी जमवून घेणाऱ्या बर्रे हार्डी या नाशपातीच्याच जातीचा तुकडा घालावा लागतो. एका बुंध्यात तीन घराणी! आमच्या घरात दोन आहेत, तरी भांडी वाजतात.

एवढं करून विल्यम्सला फळ धरलं की खरी परीक्षा. झाडावर पिकू दिलं तर ते आतून आधी पिकतं. वरून ठणठणीत, गाभ्यात चिखल. म्हणून कडक असतानाच काढायचं. फळ हळूच आडवं उचलायचं, देठ सहज सुटला तर ते तयार. मग घरात ठेवून रोज देठापाशी अंगठ्यानं दाबून बघायचं. आमच्याकडे येता-जाता प्रत्येक जण दाबतो, त्यामुळे फळ पिकलंय की नुसतं बुकललंय, हे सांगणं अवघड.

कॅटिलॅक मात्र दाबून दाबून अंगठा दुखला तरी ढिम्म. ती कच्ची खायची नसतेच. मंद आचेवर तासन्‌तास शिजवावी, तेव्हा कुठे मऊ, लालसर होते.

"म्हणजे इतकी वर्षं वाट बघायची," बायको म्हणाली, "आणि वर गॅसपाशी उभं कोणी राहायचं?"