ग्रेसची ३२ ची सरासरी आणि बेल्सची ती गोष्ट

क्रिकेटच्या ग्रुपांवर अधूनमधून एक मजकूर फिरतो. वर छातीवर दाढी रुळणाऱ्या जाड्या म्हाताऱ्याचा फोटो आणि खाली साधारण असं: "डब्ल्यू. जी. ग्रेस म्हणे क्रिकेटचा बाप! कसोटीत सरासरी ३२, शतकं फक्त दोन. समोर गोलंदाज भुक्कड. त्रिफळा उडाला की बेल्स (यष्ट्यांवरच्या गिल्ल्या) पुन्हा ठेवून खेळत राहायचा आणि पंचालाच सुनवायचा, लोक मला बघायला आलेत, तुला नाही. ढेरपोट्या. इंग्रजांनी फुगवलेलं नाव. वर पैसे घेऊन स्वतःला हौशी म्हणवायचा."

यातला शेवटचा आरोप खरा आहे. तो शेवटीच घेऊ. बाकीचे एकेक करून बघू.

सरासरीचा आकडा चुकीचा नाही. २२ कसोट्या, १०९८ धावा, सरासरी ३२.२९. पण आकड्याशेजारी तारखा ठेवा ना! ग्रेस जन्मला १८ जुलै १८४८ रोजी, ब्रिस्टलजवळच्या डाउनेंडला. पहिली कसोटी झाली मार्च १८७७ मध्ये मेलबर्नला, आणि त्यात तो नव्हता. त्याची पहिली कसोटी सप्टेंबर १८८० ची, ओव्हलवर, वयाच्या ३२ व्या वर्षी. शेवटची जून १८९९ मध्ये ट्रेंट ब्रिजवर, तेव्हा पन्नाशी उलटली होती. म्हणजे ज्या वयात आजचे फलंदाज निवृत्तीचा विचार करू लागतात, तिथून याची कसोटी कारकीर्द सुरू होते. तरी पहिल्याच कसोटीत १५२ काढल्या. इंग्लंडच्या कुठल्याही फलंदाजाचं ते पहिलं कसोटी शतक. शिवाय 'कसोटी' कशाला म्हणायचं याची यादीसुद्धा १८९० च्या दशकात, मागाहून तयार झाली.

आणि ३२ म्हणजे तेव्हा किती? आर्थर श्रूजबरी हा त्या पिढीतला, ओल्या खेळपट्टीवरचा बहुधा सर्वोत्तम फलंदाज. त्याची कसोटी सरासरी ३५.४७. दोघांत तीन धावांचं अंतर. श्रूजबरीला कुणी भुक्कड म्हणत नाही.

खरा ग्रेस बघायचा तर १८७१ चा मोसम उघडावा लागतो. वय २२-२३. प्रथम श्रेणी सामन्यांत २७३९ धावा, सरासरी ७८.२५. त्याच्याखालोखाल जे कुणी होते त्यांची सरासरी चाळिशीही गाठत नव्हती. त्या अख्ख्या मोसमात सगळ्यांची मिळून १७ शतकं झाली, त्यातली १० एकट्या ग्रेसची. आपल्या काळातल्या बाकीच्या सगळ्यांपेक्षा दुपटीने चांगला असणं ही गोष्ट ब्रॅडमन सोडला तर क्रिकेटमध्ये दुसऱ्या कुणाच्या बाबतीत म्हणता येईल असं मला वाटत नाही. कसोटीचा तक्ता हे सांगत नाही, कारण १८७१ मध्ये कसोटी क्रिकेटच नव्हतं.

पाच वर्षांनी, ऑगस्ट १८७६ मध्ये, कँटरबरीला केंटविरुद्ध त्याच्या एमसीसी (लॉर्ड्सचा मेरिलिबोन क्रिकेट क्लब) संघावर फॉलोऑनची पाळी आली. सामना जवळपास गेल्यातच जमा होता आणि पुढच्या सामन्यासाठी त्याला ब्रिस्टल गाठायचं होतं. म्हणून, सांगतात की, फटकेबाजी करून लवकर मोकळं व्हायचं ठरवून तो उतरला. झाल्या ३४४. प्रथम श्रेणीतलं जगातलं पहिलं त्रिशतक. त्याआधीचा विक्रम होता २७८ चा, तोही १८२० सालचा. छप्पन्न वर्षं उभा असलेला विक्रम असा मोडला. मग क्लिफ्टनला नॉटिंगहॅमशायरविरुद्ध १७७ आणि चेल्टनहॅमला यॉर्कशायरविरुद्ध नाबाद ३१८. तीन डाव, ८३९ धावा, आठ दिवस.

आता "गोलंदाज भुक्कड". १८६४ मध्ये हात खांद्याच्या वर नेऊन गोलंदाजी करायला नियमाने परवानगी मिळाली आणि पुढच्याच वर्षी ग्रेस प्रथम श्रेणीत आला. म्हणजे ही नवी, वेगवान गोलंदाजी अंगावर घेणारी पहिली पिढी त्याची. खेळपट्ट्या कशा होत्या? मुंबईत पावसात कांगा लीग खेळलेल्यांना थोडीफार कल्पना येईल, फक्त त्यात उन्हाळ्यात वर आलेले खडे मिसळा आणि डोक्यावरचं हेल्मेट काढा. एक चेंडू जमिनीलगत सरपटत जायचा, दुसरा त्याच टप्प्यावरून तोंडावर. जून १८७० मध्ये लॉर्ड्सवर एमसीसी आणि नॉटिंगहॅमशायरच्या सामन्यात जॉर्ज समर्सच्या गालफडावर उसळता चेंडू बसला आणि चार दिवसांनी तो गेला. त्याच सामन्यात, त्याच खेळपट्टीवर ग्रेसने नाबाद ११७ केल्या होत्या. डॉक्टरकी शिकणारा ग्रेस समर्सला बघायला धावलाही होता.

तंत्राचंही तेच. त्याआधीचे चांगले फलंदाज एकतर पुढे येऊन खेळणारे किंवा मागे राहून खेळणारे. ग्रेसने दोन्ही सारख्याच सफाईने केलं आणि चेंडू बघून पाय ठरवला. फलंदाजीचा आजचा पाया त्याने घातला असं रणजितसिंहांनी १८९७ मध्ये आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय. आणि फलंदाजी कशाशी खातात हे रणजींना कळत होतं, एवढं तरी मानायला हरकत नसावी.

बेल्सची गोष्ट सगळ्यांना आवडते, मलाही. पण ती घडली कुठे? ती सांगणारा कुणी मैदान सांगत नाही, कुणी साल सांगत नाही, पंचाचं नाव तर नाहीच. एका आवृत्तीत ग्रेस म्हणतो वारा फार आहे, दुसरीत पंच त्याला तोडीस तोड उत्तर देतो, तिसरीत तो प्रेक्षकांचा दाखला देतो. त्याच्या मोठ्या सामन्यांची धावफलकासकट बातमी छापून येत होती, तरी या गोष्टीला धड पत्ता नाही.

जिला पत्ता आहे ती गोष्ट १८९८ ची, लेटनच्या मैदानावरची. एसेक्सचा तेज गोलंदाज चार्ल्स कॉर्टराइटची ग्रेसविरुद्धची अपिलं पंचांनी फेटाळली. मग त्याने असा चेंडू टाकला की दोन यष्ट्या उखडल्या. ग्रेस नाखुशीने निघाला तेव्हा कॉर्टराइट म्हणाला, "डॉक्टर, निघालात? एक यष्टी अजून उभी आहे की!" यात ग्रेसचा हट्टीपणा आणि पंचांवरचा दबाव दोन्ही दिसतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण यष्ट्या उडाल्यावर डॉक्टर तंबूत गेला, हेही दिसतं.

त्याच्या खोड्यांची पक्की उदाहरणं हवी असतील तर ती फॉरवर्डवाल्यांना सापडलेलीच नाहीत. १८७८ मध्ये बिली मिडविंटर ऑस्ट्रेलियन संघाकडून लॉर्ड्सवर खेळायला तयार होऊन बसला असताना ग्रेसने त्याला गाडीत घालून ओव्हलला नेलं आणि आपल्या ग्लॉस्टरशायरकडून खेळवलं. १८८२ मध्ये ओव्हल कसोटीत ऑस्ट्रेलियाचा सॅमी जोन्स धाव पुरी करून खेळपट्टी ठोकायला क्रीजबाहेर आला आणि ग्रेसने बेल्स उडवल्या. नियमाने धावचीत. खिलाडूपणाचं म्हणाल तर शून्य. ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज स्पॉफर्थ भडकला आणि ८५ धावा हव्या असलेल्या इंग्लंडला ७७ वर गुंडाळलं, ४४ धावांत ७ बळी. ॲशेसची, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेच्या त्या नावाची, कहाणी त्या पराभवातून निघाली. इंग्लंडच्या त्या डावात सर्वाधिक ३२ धावाही ग्रेसच्याच होत्या, हे मात्र कुणी सांगत नाही.

ढेरीचं उत्तर थोडक्यात. जुलै १८६६ च्या अखेरीस, अठरा पूर्ण होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा त्याने ओव्हलवर सरेविरुद्ध नाबाद २२४ केल्या. मग कर्णधाराने सामना चालू असतानाच त्याला सुट्टी दिली. तो क्रिस्टल पॅलेसला गेला आणि ४४० यार्डांची अडथळ्यांची शर्यत जिंकून आला. फोटो म्हातारपणीचे जास्त आहेत म्हणून माणूस जन्मतःच म्हातारा होत नाही. आणि त्या सुटलेल्या पोटानिशी, ४६ व्या वर्षी, मे १८९५ मध्ये त्याने एका महिन्यात हजार धावा पुऱ्या केल्या, त्यातच ब्रिस्टलला सॉमरसेटविरुद्ध २८८ काढून शंभरावं शतक. ही दोन्ही कामं त्याआधी कुणी केली नव्हती.

"इंग्रजांनी फुगवलं" यावर फार लिहिण्यासारखं नाही. त्याचा राग सर्वात जास्त होता ऑस्ट्रेलियनांना, आणि आपल्याकडे बोलवायला मोठाली रक्कम मोजायला तयार होते तेही ऑस्ट्रेलियनच. मुंबईचा पारशी संघ १८८६ मध्ये इंग्लंडला गेला तेव्हा लॉर्ड्सवर ग्रेस त्यांच्याविरुद्ध खेळला. त्यांना त्याची ओळख वर्तमानपत्रातून करून घ्यावी लागली नाही.

राहिला पैसा. इथे फॉरवर्डवाले बरोबर आहेत आणि नेमकं इथेच ते एका ओळीत आटोपतात. १८७३-७४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी 'हौशी', म्हणजे खेळण्याचे पैसे न घेणारा म्हणवणाऱ्या, ग्रेसने १५०० पौंड आणि वर खर्च घेतला. संघातल्या व्यावसायिकांना मिळाले १५० पौंड, वरखर्चाला २०, आणि बोटीवर दुसरा वर्ग. १८९१-९२ च्या दौऱ्यात त्याचा आकडा ३००० वर गेला. १८९५ मध्ये त्याच्यासाठी जमवलेला निधी ९००० पौंडांच्या वर. तो पैसा त्याने कमावला नव्हता असं नाही, तो खेळणार म्हटलं की तिकिटाचा दर वाढायचा म्हणतात. पण व्यावसायिकांचंही तेच म्हणणं होतं की गर्दी आमच्याही जिवावर जमते. १८९६ च्या ओव्हल कसोटीआधी पाच व्यावसायिकांनी १० ऐवजी २० पौंड मागितले आणि चर्चा ग्रेसच्या 'खर्चा'वर आली, तेव्हा सरे क्लबला पत्रक काढून सांगावं लागलं की डॉक्टर फक्त १० पौंड खर्चापोटी घेतात. तिघं माघारी फिरले. विल्यम गन आणि जॉर्ज लोमन फिरले नाहीत. ग्रेसच्या नेतृत्वाखाली इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला ४४ धावांत गुंडाळून ती कसोटी जिंकली. लोमनच्या नावावर १८ कसोट्यांत १०.७५ च्या सरासरीने ११२ बळी होते. त्याला इंग्लंडने पुन्हा कधीच खेळवलं नाही.