रिव्हिजन सी आणि मेस्त्रींचं कुंकू

साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात माणसं मोजून सात. ड्रॉइंगमधला बदल कळवायला कागद कशाला, एक हाक मारली की झालं, असं मालक म्हणतात. हाक मारताना ड्रिल बंद हवं, एवढंच. आणि ते बंद कधीच नसतं.

परवा गिऱ्हाइकाचा मेल आला तेव्हा मी घाटकोपरला मेट्रोच्या रांगेत होतो. ब्रॅकेटच्या ड्रॉइंगची बी आवृत्ती, म्हणजे रिव्हिजन बी, रद्द; सी लागू. फरक एकच: एम-८, म्हणजे आठ मिलिमीटरच्या बोल्टचं भोक ८.४ ऐवजी ९ मिलिमीटर. बोल्ट दोन्हींतून जातो, म्हणून तर घोळ लवकर कळत नाही. मी तिथूनच ग्रुपवर टाकलं. सहा अंगठे आले. निश्चिंत झालो.

गाळ्यात पोचलो तर मेस्त्री ८.४ नेच भोकं पाडतायत. दोनशेपैकी दीडशे जॉब तयार.

"मेस्त्री, अंगठा दिलात ना तुम्ही?"

"तो वरच्या गुड मॉर्निंगला, साहेब."

मशीनवर लॅमिनेट केलेलं बीचं ड्रॉइंग लटकत होतं. काढायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला. खंडेनवमीला मशीनबरोबर त्याचीही पूजा झाली होती. कुंकवाचं बोट नेमकं ८.४ वर. "पुजलेला कागद काढतात का?" आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत बदलांवरच्या नियंत्रणाला ८.५.६ हे स्वतंत्र कलम आहे. कुंकवाबद्दल त्यात चकार शब्द नाही.

रिव्हिजनच्या अक्षरांतून आय आणि ओ वगळायची पद्धत आहे, एक आणि शून्यासारखे दिसतात म्हणून. मेस्त्रींच्या मते बीनंतरची सगळीच वगळावीत.

"घाबरू नका," ते म्हणाले, "भोक मोठं करता येतं. उलटं असतं तर काय केलं असतंत?"

दुपारपर्यंत दोनशेच्या दोनशे जॉब ९ चे झाले. मीही हट्टाने नवीन रजिस्टर आणलं: बदल क्रमांक, तारीख, हातात माल किती, जुना प्रिंट परत घेतला का, सही. मेस्त्रींनी पहिल्या पानावर 'श्री' काढला.

पावणेसहाला मेल आला. रिव्हिजन डी. सीमध्ये टायपिंगची चूक होती, भोक पूर्वीप्रमाणे ८.४ धरावे.

मेस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी चिंधी घेतली आणि कुंकवाला धक्का न लावता बी पुसून काढलं.